पाकिटाचा डावा कोपरा

सायकलच्या ट्यूबची एक पट्टी.

दोन क्वाचांचे मक्याचे कुरकुरे.

सहा वर्षांची कसुबा. तिला जेवण नको.

पाकिटाचा डावा कोपरा.

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. तोडणे एवढेच माझे काम. तरी वरच्या चार गोष्टी एकमेकींपासून मला तोडता आल्या नाहीत.

मला घडवले ते शिंप्यासाठी. त्याच्याकडे मी शाळेचे गणवेश कापले. एक मूठ तुटली, तेव्हा त्याने मला नामुकोलोला देऊन टाकले. आफ्रिकेतल्या लुसाका शहराच्या एका वस्तीत तिची पत्र्याची टपरी आहे. तिने तुटक्या मुठीला ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि मला खिळ्याला टांगले. मक्याच्या पिठाची पोती फोडायची, एका जेवणापुरत्या पुड्यांचा दोरा तोडायचा, असे माझे दिवस जाऊ लागले. आमच्या वस्तीत अख्खे पोते कोणी नेत नाही. तेल वाटीभर, साखर चमचाभर. आणि काही नवे आले तर सर्वांत लहान पाकीट, चाखण्यापुरते.

नव्या पाकिटांची माळ दर शुक्रवारी दारात लागे. पहिला येई तो मिनीबसचा कंडक्टर म्वापे.

"काय गं, आज काय नवं? मागच्या शेवयांत कोंबडी फक्त चित्रातच होती. रस्सा गाळून शोधली मी!"

"चार क्वाचांत अख्खी कोंबडी पाहिजे होय रे तुला? पिसंही उपटून देऊ का?"

त्याच्यामागून येत मुसोंदा आजी. त्यांची बोटे संधिवाताने वाकलेली. गोवर येऊन गेल्यापासून त्यांच्या नातीने, कसुबाने, न्शिमाचा घास टाकला होता. मक्याची ती घट्ट उकड समोर आली की ती मान फिरवी. पण पाकिटावर नवे चित्र दिसले की तोंड उघडी. म्हणून आजी आठवडाभर स्वतःच्या पानातली सुकी मासळी वगळत आणि शुक्रवारी एक पाकीट नेत.

आजींना पाकीट फोडता येत नसे. नामुकोलो त्याचा डावा कोपरा कापून देई. कच्. वर म्बासेला म्हणून चिमूटभर साखर. मापाबाहेरची ही चिमूट न देणाऱ्या टपरीवर आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा जात नाही.

"तुझ्या कात्रीची धार अशीच राहो, पोरी," आजी म्हणत.

मला फार अभिमान वाटे.

कच्.

एकदा नामुकोलोने बाजारातून झटपट लापशीचे खोके आणले. केळ्याची चव, फक्त गरम पाणी घाला. खोके स्वस्त होते. तिने त्यात सगळे भांडवल घातले. टपरीत आल्यावर तिने एक पाकीट उलटे केले. डाव्या कोपऱ्यावर तारीख होती. ती उलटून दोन महिने झाले होते.

ती परत गेली. विकणारा माणूस तिथे नव्हता.

दुपारभर ती खोक्यासमोर बसून राहिली. मग तिने मला खिळ्यावरून काढले.

मित्रांनो, कात्रीला तोंड असते, पण ते दुसऱ्याच्या बोटांनी उघडते. मी गंजले असते तर! माझी ट्यूबची पट्टी सुटली असती तर! तसे काही झाले नाही. कच्. कच्. पाकीट फुटणार नाही, पण पुढे बोटाने सहज फाटेल इतकाच कोपरा, बहात्तर वेळा. मी एकदाही चुकले नाही.

"अरे वा," म्वापे म्हणाला, "आता सगळ्यांनाच आजींसारखा मान!"

लोक हसले. माझे कौतुक झाले.

आजी आल्या. "आधीच कापून ठेवलंस? माझी आठवण ठेवतेस गं."

नामुकोलो दुसरे पाकीट देण्यासाठी माळेकडे वळली. "आजी, त्यापेक्षा कुरकुरे न्या ना."

"ते झाले की मागच्या खेपेला. तिला नवं चित्र लागतं."

नामुकोलोचा हात माळेवर तसाच राहिला. आजी पाकीट कमरेच्या कापडाच्या गाठीत बांधून गेल्या. मी खिळ्यावर लटकत होते. हाक मारायला माझ्याकडे काय होते?

कच्.

सोमवारी त्या रिकाम्या हाताने आल्या. कसुबाला रात्रभर उलट्या, मग दवाखाना, मग सलाईन. आता घरी होती. पण कोणतेही चित्र दाखवले तरी दात आवळून धरत होती. पाण्यालासुद्धा.

"माझंच चुकलं गं," आजी म्हणाल्या. "आजारी पोर, साध्या पेजेवर ठेवायची. मलाच नव्याचे डोहाळे. लापशी कालवताना माझे हातच नीट धुतलेले नसतील."

नामुकोलोने मला मुठीत घट्ट धरले होते. माझे पाते तिच्या तळव्यात रुतले. ती म्हणाली, "आजी..." आणि साखरेच्या डब्याकडे वळली. तिने मुठी भरभरून साखर बांधली.

"एवढी म्बासेला? मी तर काही घेतलंही नाही," आजी म्हणाल्या, आणि तिला आशीर्वाद देऊन गेल्या.

मग नामुकोलोने उरलेली लापशी मागच्या खड्ड्यात पुरली. तेव्हापासून ती पाकिटे दातांनी फोडते. मी गंजत चालले आहे. मला त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, नवे जरूर चाखा. थोडक्या पैशांत चाखणाऱ्याला तर तेवढीच हौस असते. पण कोपरा आधीच कापलेला असेल तर विचारा, त्यावर काय होते? आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला विचारता येते.

लापशी नेली त्याच्या आदल्या शुक्रवारी कसुबाने कुरकुऱ्यांचे अख्खे पाकीट संपवले होते, आणि वर आजींच्या ताटातला न्शिमाचा घास मागून घेतला होता.