लोरेनबाईंचं पेन

डस्टिनने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. समोरचं स्टिअरिंग आपलं आपण वळलं, गाडी चौकातल्या ‘थांबा’च्या पाटीशी आली आणि शहाण्या मुलासारखी उभी राहिली.

"छान," शेजारी बसलेल्या लोरेनबाई म्हणाल्या आणि कागदावर खूण केली. बाई नेवाडा सरकारच्या वाहन परीक्षक. एकतीस वर्षांत निम्मं गाव त्यांनी नापास केलं होतं. आज परीक्षा होती ती विनाचालक गाडीची. परवान्याची अट एकच: डस्टिनचा हात स्टिअरिंगला लागला की खेळ खलास. पुढची तारीख सहा महिन्यांनी, आणि तोवर गाडीची कंपनी इथला गाशा गुंडाळणार, डस्टिनच्या नोकरीसकट.

चौकात जो आधी आला तो आधी जाणार. समोर खटारा पिकअप घेऊन एक म्हातारा आधीच थांबला होता. त्याने हात हलवला, तुम्ही व्हा पुढे.

गाडी हलेना. तिला नियम कळत होता, हात कळत नव्हता.

म्हाताऱ्याने टोपी काढून हलवली. मागे सात गाड्या साचल्या, पण भोंगा कोणी वाजवेना. या गावात भोंगा म्हणजे शिवीच.

"याला आजच कुठली सभ्यता सुचली!" डस्टिन रडकुंडीला आला.

"ऑरविल आहे तो. माझा थोरला भाऊ," बाई म्हणाल्या. "जन्मात कधी पाटीला थांबला नाही. परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास केलाय मी. येत्या परवा त्याची शेवटची संधी. गेली, की बाजारहाटाला मलाच न्यावं लागणार, त्याची बडबड ऐकत."

म्हाताऱ्याने खिडकीतून डोकं काढलं. "लोरेन! बघतेयस ना? पूर्ण थांबलोय!"

"बघतेय! निघ आता!"

"छे, आधी पाहुणे!"

बाईंनी कपाळावर हात मारला. मग "माझं पेन पडलं" म्हणत त्या पार खाली वाकल्या. पेन हातातच होतं.

ऑरविलने मान उंच करून पाहिलं. बहीण दिसेना. त्याने टोपी चढवली आणि सुसाट निघाला. मागोमाग गाडीही हलली.

"मॅडम, पुढच्या पाटीला तर तो थांबलाच ना—" डस्टिनची नजर खाली गेली. दचकून त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गेले होते.

बाई वर आल्या. त्यांनी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग लांब गेलेल्या पिकअपकडे.

"थांबला का रे तो?"

डस्टिनने हात हळूच मांड्यांखाली सरकवले.

"थांबला ना."

"पूर्ण?"

"अगदी पूर्ण."

"छान," बाई म्हणाल्या, आणि खूण केली.