तब्येत नाजूक आहे

"केताल्को बेटावरच्या रेमोल्कोय घराला निरोप. आजीबाई उद्याच्या लाँचनं येताहेत. धक्क्यावर घोडा घेऊन थांबावं."

दुपारी बाराला हा आवाज आचाओ गावच्या रेडिओवरून निघायचा आणि बेटाबेटावरच्या स्वयंपाकघरांत उतरायचा. बटाटे सोलणाऱ्या बायांची सुरी थांबायची, जाळं विणणारे गडी दोरा दातांत धरायचे. लहानग्या मारिसेलला वाटायचं, समुद्रच बोलतोय, फक्त बाबांच्या गळ्यातून बोलतोय.

कुणाची गाय व्याली, कुणाला मुलगा झाला, सगळं तिच्या बाबांनी, आब्दोन गिनेओनं, त्या आवाजात सांगितलं. एक मरणाचा शब्द तेवढा कधी तोंडातून काढला नाही. कुणी गेलं की तो म्हणायचा, "तब्येत फार नाजूक आहे, निघून यावं." बेटांवर त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक. लोक काळे कपडे घालूनच लाँचमध्ये चढायचे. मयत बेटावर यायचं असेल तर घरचे चूल पेटवून पेटीची वाट बघत बसायचे, प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी मेंढरू कापायला घ्यायचे.

मारिसेलला मात्र एकदा तो अर्थ कळला नाही. दूर राजधानीत, सान्तियागोला शिकत होती, शहराचं पाणी लागलं होतं. बाबांचा फोन आला, "आईची तब्येत नाजूक आहे, निघून ये." तिनं नाजूक म्हणजे नाजूकच धरलं. चांगल्या डॉक्टरला गाठलं, दुकानं पालथी घालून औषधं घेतली. पिशवी छातीशी धरून घरी पोचली तेव्हा कबरीवरची फुलं सुकायला लागली होती. बापलेकीत त्यावर कधी बोलणं झालं नाही. औषधांची पिशवी फडताळात तशीच राहिली.

पुढे मालकांनी रेडिओ बंद केला. मारिसेल गावी परतली आणि तिनं 'निरोप्या' बनवला. सगळं जग ज्या अ‍ॅपवर मेसेज धाडतं, त्याला जोडलेला छोटासा प्रोग्राम. दूर पुंता आरेनासच्या मासळी कारखान्यातून कुणी मेसेज टाकावा आणि बाराला बेटावरच्या चर्चच्या कर्ण्यातून तो मोठ्यानं ऐकू यावा. यंत्राचा आवाज सपाट होता. लिहिलं असेल तेच वाचायचा. 'गेला' लिहिलं तर 'गेला'. मारिसेलला तेच हवं होतं. बारा वाजले की आब्दोन लाकडं फोडायला अंगणात जायचा.

मग कंपनीचं पत्र आलं. वापरणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी बाहेरच्यांनी बनवलेल्या प्रोग्रामना यापुढे आत घेतलं जाणार नाही. मारिसेलनं उलट लिहिलं, बेटं कुठं आहेत, कर्णे कशाला आहेत, सगळं लिहिलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असं यंत्राचं उत्तर आलं. एका सकाळी निरोप्या मुका झाला. लोक मेसेज टाकत राहिले. ते कुठंच पोचत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

बोटींचा वायरलेस घराघरात होता, म्हणून मारिसेल त्यावर निरोप वाचू लागली. ऐकतंय कोण.

"ए मारिसेल, चॅनेल सोड गं. इथं मॅचचं भांडण चाललंय."

"तू वाचतेस की पाढे म्हणतेस?" दुसरा कुणीतरी हसला.

एके दिवशी अकराच्या सुमाराला पुंता आरेनासहून यानेतचा फोन आला. केताल्कोच्या ओतिलियाबाईंची ही सून.

"बेटावर फोन लागत नाही. परवापासून मेसेज टाकतेय, सासूबाईंचा पत्ता नाही. एर्विनचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे. डॉक्टर खात्री देत नाहीत. आईला बघायचंय म्हणून हट्ट धरलाय त्यानं. रात्रीच्या विमानाचं तिकीट काढलंय. दुपारच्या लाँचनं निघाल्या तरच पोचतील."

मारिसेल अंगणात गेली.

"बाबा, आज तुम्ही बोला. तुमचा आवाज ऐकला की चॅनेल गप्प होईल."

आब्दोननं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "यंत्र थकलं वाटतं तुझं."

"थकलं नाही. मालकानं दार लावून घेतलं."

"माझंही लावलं होतं. मला तर पत्रसुद्धा धाडलं नाही कुणी." त्यानं हात विजारीला पुसले. "काय निरोप आहे?"

तिनं सांगितला. तो सवयीनं पुटपुटला, "एर्विनची तब्येत फार नाजूक आहे, निघून..." आणि थबकला. "असं म्हटलं तर ओतिलिया निघायची नाही गं. चूल पेटवून पेटीची वाट बघत बसेल."

"हो."

"मग काय म्हणू?"

"जे आहे ते म्हणा, बाबा."

स्वयंपाकघरात वायरलेसवर मॅचचं भांडण चालूच होतं. आब्दोननं माईक उचलला, घसा खाकरला. त्या खाकरण्यानंच कुणीतरी म्हणालं, "गप्प बसा रे. म्हातारा आलाय." चॅनेलवर नुसती खरखर उरली.

"केताल्को बेटावरच्या ओतिलिया रेमोल्कोय यांना निरोप. एर्विन जिवंत आहे."

तो थांबला. माईक आणखी तोंडाजवळ ओढला.

"सगळ्यांनी ऐका. आजवर मी नाजूक म्हटलं तेव्हा माणूस गेलेलं असायचं. आज तसं नाही. एर्विन आजारी आहे, जिवंत आहे. उद्या सकाळी ऑपरेशन आहे आणि त्याला आई हवी आहे. रात्रीचं विमान आहे. ओतिलिया, काळं नेसू नकोस. दुपारच्या लाँचनं नीघ."

खरखर चालू राहिली. चुलीवरची किटली वाजत होती, ती उतरवायचं दोघांनाही सुचलं नाही. बऱ्याच वेळानं केताल्कोहून एका बाईचा आवाज आला.

"आब्दोनबाबा, ओतिलियाबाई निघाल्या धक्क्याकडे. निळा स्वेटर घातलाय."

आब्दोननं वायरलेस बंद केला. माईक मात्र हातातच राहिला. मारिसेल किटलीकडे वळली तशी त्यानं हाक मारली.

"मारिसेल."

ती थांबली. तो फडताळाकडे बघत होता.

"मी फोन केला ना, त्या पहाटेच तुझी आई मेली होती. मेली होती, पोरी."