रविवारी रुसणारं यंत्र

ज्योतिबांचं पत्र मी शब्दकोशात ठेवलं आणि मग शब्दकोश उघडायचंच टाळू लागलो. निळं अंतर्देशीय पत्र, त्यांच्या उजवीकडे कलणाऱ्या अक्षरातलं. ते व्हाइटफील्डला मुलीकडे राहतात, मी राजाजीनगरला. एकाच बेंगळुरूत राहून दोन म्हातारे एकमेकांना पत्रं लिहितात याचं आमच्या घरात सगळ्यांना हसू येतं. पण फोनवर मला बोलणं सुचत नाही. समोरचा क्षणभर थांबला की आपलं काही चुकलं असं वाटतं. ज्योतिबांनी हे ओळखलं आणि त्यावरून कधी चिडवलं नाही. या शहरात मनातलं बोलावं असा माणूस मला तो एकच होता.

पत्रात त्यांनी लिहिलं होतं: "भगवंतराव, मुलगी परदेशी चालली. मी महिनाअखेरीस निपाणीला परत जातोय. टाकी बंद करतोय. मासे देऊन टाकले. कोरल मात्र तुमच्याकडे यावं अशी इच्छा आहे. दुकानात दिलं तर दुकानदार त्याचे तुकडे करून विकेल. त्याला रोज खायला घालावं लागतं, त्यानं पाणी बिघडतं, आणि तुमच्या जुन्या स्किमरला ते झेपणार नाही. म्हणून माझा स्किमरही घेऊन जा. यंत्र चांगलं आहे, फक्त रविवारी जरा रुसतं. पैशाचं नाव काढू नका. हो की नाही एवढं कळवा."

हे वाचून कुणालाही आनंद झाला असता. मला संशय आला.

मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. समुद्र प्रत्यक्षात दोनदाच पाहिला, बाकी सगळा पुस्तकात. निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली ती त्याच वेडापायी. अशा टाकीत मासे जे खातात आणि टाकतात त्यातलं बरंचसं पाण्यात विरघळतं आणि हळूहळू कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, मारतं. ते काढायचं काम स्किमरचं. एका नळकांड्यात तो बारीक बुडबुडे सोडतो, घाण बुडबुड्यांना चिकटते, फेस वर चढतो आणि वरच्या पेल्यात चहासारखं काळपट पाणी साठतं. पेला भरला की मला समाधान वाटतं. आमच्या मालनबाई म्हणतात, "दुसऱ्यांचे नवरे पेन्शन आली की खुश होतात, आमचे मळी आली की."

संशयाचं कारण जुनं होतं. गेल्या वर्षी ज्योतिबांनी मला त्याच कोरलचा बोटभर तुकडा दिला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या टाकीत काचेसारखी पारदर्शक, डंख मारणारी फुलं, खरं तर फुलांसारखे दिसणारे जीव, उगवायला लागली. ही कीड एकदा आली की जात नाही. त्यांना ठाऊक होतं का? ठाऊक असून दिलं का? मी विचारलं नाही. विचारण्याऐवजी पत्रं जरा आखडती लिहू लागलो. आणि आता हे रुसणारं यंत्र. चांगलं यंत्र रुसेल कशाला? आणि रुसत असेल तर ते माझ्या गळ्यात का?

"फुकट कोण काय देतो हो?" मालनबाई म्हणाल्या. "पण ज्योतिबा अण्णा तसे नाहीत. कळवून टाका ना काहीतरी."

काय कळवणार? 'नाही' लिहावं तर कोरल कापलं जाणार, आणि तो माणूस कायमचा तुटणार. 'हो' लिहावं तर त्यांचं यंत्र घरात घ्यावं लागणार. मी मधला मार्ग काढला. आधी स्वतःचा नवा स्किमर घ्यायचा, मग 'यंत्र आहे, फक्त कोरल द्या' असं ताठ मानेनं लिहायचं.

चिकपेटच्या एका गल्लीत, साड्यांच्या दुकानांच्या मागे, शिवाप्पाचं माशांचं दुकान आहे. मी जाण्याआधी खूप वाचलं होतं. खोक्यावर लिहिलेलं माप खरं धरू नये, कंपन्या ते फुगवून लिहितात. पण फार मोठाही घेऊ नये, कारण थोड्या घाणीत मोठ्या यंत्राला धड फेस धरता येत नाही. एवढं पाठ करून गेलो, आणि शिवाप्पानं पहिलंच खोकं काढलं ते हजार लिटरच्या टाकीसाठीचं.

"माझी टाकी तीनशेची आहे," मी म्हणालो.

"गोत्तु सर, माहीत आहे. मोठा घ्या. उद्या टाकी मोठी केली तर?"

"मी सत्तरीचा आहे, शिवाप्पा."

"मग काय झालं? माणूस म्हातारा होतो, टाकी होत नाही."

त्याचं हसणं मला आवडलं नाही. मी मधल्या मापाचा मागितला. त्यानं तो लगेच, जरा जास्तच लगेच, मागच्या खोलीतून आणला. ज्योतिबांकडे आहे त्याच कंपनीचा, त्याच मापाचा. घरी येऊन खोकं उघडलं तर पेल्याच्या आत पाण्याचे वाळलेले डाग.

मी ते डाग भिंगातून पाहिले. नवीन वस्तूला पाण्याचे डाग कसे? मग मनात एक गोष्ट जुळायला लागली. मी उत्तर दिलं नाही. ज्योतिबांनी वाट पाहून आपला स्किमर शिवाप्पाला दिला. शिवाप्पानं तो पुसून खोक्यात घातला. आणि मी मधला मार्ग काढत तोच विकत आणला. असं काही माझ्याच बाबतीत होतं.

यंत्र लावलं. दोन-तीन दिवस फेसच नाही. नव्या यंत्राला जम बसायला वेळ लागतो हे मी वाचलं होतं, म्हणून गप्प राहिलो. मग एके दिवशी फेस आला, तोही दुपारी. दुपारी चढे, संध्याकाळी छान दाट होई, सकाळी उठून पाहावं तेव्हाही जागेवर असे, आणि माझा चहा होऊन टाकीची निगा आटोपेपर्यंत खाली बसलेला. रोज. जुन्या स्किमरचा फेस मुळातच इतका थोडा, की तो कधी बसतो ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जणू मी जवळ गेलो की यंत्र तोंड फिरवत होतं. ज्योतिबांचं निदान रविवारीच रुसायचं.

मी पुन्हा चिकपेटला गेलो. 'हा वापरलेला आहे का' असं विचारायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच. "आत पाण्याचे डाग होते."

"कारखान्यात चालवून बघतात, सर. अक्का नवी कढई न धुता फोडणी घालतात का?" शिवाप्पा एका पिशवीत मासा बांधत होता. "स्वल्प दिवस द्या. जमेल."

"ज्योतिबा आले होते का इकडे?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

त्यानं मान वर केली. "व्हाइटफील्डचे? हो, आले होते. त्यांचं मोठं कोरल मी मागितलं. म्हणाले, एका मित्राच्या उत्तराची वाट बघतोय. त्याचं नाही आलं तर महिनाअखेरीला तुला देतो." त्यानं पिशवीला गाठ मारली. "मी आताच गिऱ्हाईकं बघून ठेवलीत. एकेक तुकडा एकेकाला. त्यांनी तेवढं वाढवायला किती वर्षं घालवली असतील! पण करणार काय? एवढं अख्खं कोण घेणार?"

"आणि त्यांचा स्किमर?"

"स्किमरचं मला काही बोलले नाहीत."

मी मेट्रोत बसून या एका वाक्याचा सगळ्या बाजूंनी विचार केला. बोलले नाहीत म्हणजे दिला नाही? की दिला, आणि हा माणूस मला सांगत नाही? कोरलचं तरी खरं का? उत्तर दे म्हणून मला डिवचायला ज्योतिबांनीच त्याला शिकवून ठेवलं असेल तर? घरी पोहोचेपर्यंत माझी मलाच लाज वाटू लागली होती, पण संशय काही गेला नव्हता. लाज आणि संशय माझ्यात नेहमी शेजारी बसतात.

त्याच आठवड्यात गविपुरमला आमचे भाऊबंद दामोदर वारले. फार जाणं-येणं नव्हतं, पण सुतक ते सुतक. आमच्या घरात ते अजून नीट पाळतात. देवाला दिवा नाही, फोडणीला तेल नाही, अंगाला तेल नाही. मालनबाई पिठलंसुद्धा कोरडं करू लागल्या.

आणि सुतकाच्या दुसऱ्या दिवसापासून फेस बसेनासा झाला. सकाळी होता, माझी कामं झाल्यावरही होता, दुपारी होता. पेला दर दिवसाआड काठोकाठ भरू लागला. माझं जुनं पिवळं कोरल कित्येक दिवसांनी पूर्ण उमललं. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, हे काय नवीन?

मी खोलीत फिरून काय बदललं ते शोधलं. देव्हारा टाकीच्या शेजारीच आहे. समई विझलेली होती.

"मालन," मी म्हणालो, "समईची काजळी यंत्राच्या हवेच्या नळीतून आत जात असणार. सुतक फिटलं की समई आतल्या खोलीत ठेवू या."

त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली केलं. "आधी ज्योतिबा अण्णा चोर. मग तो दुकानवाला चोर. आता देव राहिला होता वाटतं?"

"मी फक्त शक्यता सांगतोय."

"समई जिथे आहे तिथेच राहील. तुमच्या शक्यता हलवा."

सुतक फिटलं. सकाळी त्यांनी माझ्याकडे बघत बघत समई लावली. मी यंत्रासमोर खुर्ची टाकून बसलो. समई तेवत राहिली, उदबत्तीही झाली, फेस तसूभरही हलला नाही. म्हणजे देव सुटले. मला खरं तर जरा निराशाच वाटली.

चहा झाला. नेहमीप्रमाणे मी नारायण तेलाची बाटली काढली. उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत माझा हात दुखतो, ग्रंथालयातली पुस्तकांची चाकांची घोडी ढकलून ढकलून धरलेला तो सांधा. इतक्या दिवसांनी तेल लागलं तेव्हा बरं वाटलं. चांगलं जिरवलं, पंच्यानं पुसलं. साबण लावला नाही. टाकीत हात घालण्याआधी मी साबण कधीच लावत नाही, कारण मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात बजावलं आहे की साबणाचा अंशही पाण्यात जाता कामा नये. ज्योतिबांनी दिलेला तो बोटभर तुकडा दगडावरून घसरून पडला होता. तो उचलायला मी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला.

पाण्यावर एक पातळ चकाकी पसरली. इंद्रधनुष्यासारखी, अगदी पुसट. मी ती पाहत असतानाच फेस बसला. उकळी आलेल्या दुधावर पाण्याचा हबका मारावा तसा.

हात अजून पाण्यातच होता. मालनबाई दारात आल्या.

"आता कोण सापडला?" त्यांनी विचारलं.

मी हात बाहेर काढून त्यांना दाखवला. त्यांनी हाताकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

पाण्याचे डाग कारखान्याचेच असतील. नसतीलही. ती डंख मारणारी फुलं कुठून आली हे मला अजून माहीत नाही. त्याच सुमारास मी एक दगडही विकत आणला होता, हे तेव्हा मात्र आठवलं नव्हतं. पण खुर्चीत बसल्या बसल्या मला दुसरंच काही सुचलं आणि मी उठून शब्दकोश काढला. पत्र पुन्हा वाचलं. फक्त रविवारी जरा रुसतं. ज्योतिबा तरुणपणी निपाणीच्या तालमीत जायचे. तिथली एकच सवय त्यांनी अजून सोडलेली नाही, हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं: रविवारी सकाळी सर्वांगाला तेल, मग कढत पाणी. आणि अंघोळीपर्यंत तेल मुरायला हवं, तर तेवढ्या वेळात माणूस काय करणार? टाकीपाशी जाणार. मी तरी तेच केलं असतं.

महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. फोन करावा असं मनात आलं, मी नंबरही काढला, आणि ठेवून दिला. मालनबाईंनी ते पाहिलं. "मी लावून देऊ?"

"नको. पत्रच लिहितो. उद्या पोहोचेल, फार तर परवा."

"आणि नाही पोहोचलं तर?"

"तर शनिवारी मी स्वतःच जाईन." हे मी म्हणालो खरं, आणि म्हणाल्यावर दचकलो.

हात गरम पाण्यानं धुतला, आधी बेसनानं चोळून. मग लिहिलं:

"ज्योतिबा, उत्तराला उशीर झाला. मी तुमच्याबद्दल काही वाईट विचार मनात आणले होते. भेटल्यावर सांगेन, तुम्ही रागावलात तर ते रास्तच. कोरल घेतो, अख्खं. शिवाप्पाला नाही म्हणा. स्किमर मी नवा घेतला आहे, पण तुमचाही घेतो, एक बिघडला तर दुसरा असावा. एक विचारू? रविवारी तेल लावल्यावर तुम्ही टाकीत हात घालता का? तसं असेल तर यंत्र रुसत नाही. शनिवारी येतो. भगवंत."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीचा रंग उडालेला आहे. ती कुणी उघडतं की नाही याबद्दल मला बरेच दिवस शंका आहे. म्हणून मी दोन स्टॉप पुढे, टपाल कार्यालयापर्यंत चालत गेलो आणि दारातल्या पेटीत पत्र टाकलं. ते आत पडल्याचा आवाज नीट आला नाही. मी बोटं घालून चाचपलं. फटीत काही अडकलेलं नव्हतं. पत्र गेलं होतं.