साहेबांच्या खिडकीवरचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड, काळा पडदा आहे. ना नक्षी, ना झालर. पण हसू नका मला. भर दुपारी खोलीत काळोख करून दाखवणं हे त्या नाजूक रेशमी पडद्यांचं काम नव्हे.

एका नाट्यगृहाच्या उरलेल्या कापडातून शिंप्याने मला शिवलं, दुहेरी अस्तर लावलं आणि दुकानाच्या कोपऱ्यात टाकून दिलं. असलं सुतकी कापड घरात कोण लावणार? मग एक दिवस एक बाई आली. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात ती संध्याकाळची आणि रात्रीची पाळी करायची. तिने मला ट्यूबलाइटसमोर धरलं, उजेड आरपार येत नाही हे पाहिलं आणि घासाघीस न करता विकत घेतलं. रातपाळीचा पहिला जादा भत्ता तिने माझ्यावर खर्च केला होता. त्या दिवशी माझी मान ताठ झाली.

ती सकाळी घरी यायची ती तांबारलेल्या डोळ्यांनी. मुलीची वेणी घालायची, तिला शाळेत धाडायची आणि मला ओढून आडवी व्हायची. मी उजेडाला आत फिरकू देत नसे. पण उजेड अडवला म्हणून दिवस थोडाच थांबतो? भंगारवाला ओरडायचा, वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळे ठोकायचं, मीटर बघायला माणूस यायचा. वर शेजारीण म्हणायची, "मजा आहे बाई तुमची, दिवसभर लोळायला मिळतं!" असा संताप व्हायचा माझा! पण पडद्याला कुठे तोंड असतं?

पुढे रुग्णालयात नवे साहेब आले आणि त्यांनी फळ्यावर नोटीस लावली. संध्याकाळच्या आणि रात्रीच्या पाळीचा जादा भत्ता पुढच्या महिन्यापासून बंद. मुलीची शाळेची फी त्याच भत्त्यातून जायची. बाई साहेबांना भेटून आली ती धुमसतच.

"म्हणे, रात्री जागता तर दिवसा झोपता, मग जादा कसले?" ती मुलीला सांगत होती. "थांब, दाखवतेच त्यांना." आणि स्टुलावर चढून तिने मलाच खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती चार मैत्रिणींना घेऊन साहेबांच्या खोलीत शिरली आणि मला त्यांच्या खिडकीवर टांगलं. "साहेब, झाली तुमची रात्र. तासभर झोपून दाखवा. झोप लागली तर भत्त्याचं नाव काढणार नाही."

मैत्रिणी दचकल्या. एकीने तिला कोपराने ढोसलं. "अगं, आमच्या पोटावर पाय देतेस का?"

साहेबांच्या घरी तान्हं बाळ होतं, त्यांचं रात्रभर जागरण झालं होतं. ते एका पायावर तयार झाले आणि कोचावर आडवे पडले.

"फोन बंद करायचा नाही हं," बाई म्हणाली. "माझी मुलगी शाळेत असते. माझाही चालूच असतो."

खरं सांगतो, मला धडकी भरली. माझं काम मी चोख केलं तर माझीच बाई हरणार! एखादी फट ठेवावी असं मनात आलं. पण छे! लबाडी चोरांनी करावी, आम्ही हक्काचं मागत होतो. मी खिडकी गच्च झाकली आणि खोलीत मिट्ट काळोख झाला.

साहेबांचा डोळा लागतो न लागतो तोच बाहेरून औषधांची ढकलगाडी खडखडत गेली. मग सहीसाठी कुणीतरी दार ठोठावलं. मग घरून फोन आला.

"मी झोपलोय!" साहेब खेकसले.

"भरदिवसा? बरं नाहीये का तुम्हाला?" पलीकडचा आवाज दारापर्यंत ऐकू आला. बाहेर थांबलेल्या बायकांना हसू आवरेना.

अखेर साहेब चिडून उठून बसले. "काढा तो पडदा!"

"फळ्यावरची नोटीस काढा, मग पडदा काढते," बाई म्हणाली आणि घरी निघून गेली. साहेबांनी शिपायाला हाक मारली, तर तो म्हणाला, "माझीही रातपाळी असते, साहेब." मला हात लावायला कुणी तयार होईना.

मग मीही हललो नाही. साहेब दिवा लावून काम करू लागले. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "हे काय हो खिडकीला?" आणि त्यांना सगळं सांगावं लागायचं. दर वेळी आवाज थोडा खाली यायचा. तिकडे बाई डोळ्यांवर फडकं बांधून उघड्या खिडकीखाली तळमळत होती, हे मला मागाहून कळलं.

शेवटी साहेबांनी नोटीस काढली. मला स्वतःच उतरवून, घडी घालून ते धुलाईखान्यात गेले. "घ्या. भत्ता चालू राहील. आता झोपा नीट."

"झोपेन," बाई म्हणाली. "पण भत्ता झोपेचा नाही, साहेब. माझी पोर जागी असते तेव्हा मी झोपलेली असते. त्याचा आहे तो."

साहेबांनी माझी घडी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

मित्रांनो, आता मी विटलोय, कडेने उसवलोय. मला अधूनमधून धुवा, चार टाके घाला, एवढंच माझं मागणं आहे. भर दुपारी एखाद्या खिडकीला जाड पडदा ओढलेला दिसला तर हळू चाला, खिळे संध्याकाळी ठोका. आणि "यांना जादा पैसे कशाला?" असं कुणी विचारलं, तर वाद घालत बसू नका. त्याची खिडकी कुठली, तेवढं मला सांगा.