मांजराच्या खाऊचा डबा

मित्रांनो, इकडे, वरच्या फळीवर बघा. बरणीच्या मागे नाही, पुढे! हो, मीच तो. निळ्या रंगाचे पोपडे आलेला, कडेला पोचा पडलेला जुना पत्र्याचा डबा. दिसायला यथातथाच आहे, पण माझी हकिगत ऐकाल तर कान टवकाराल.

माझा जन्म कारखान्यातला. एका यंत्राने मला धरलं, गर्रकन गोल वळवलं आणि माझ्या डोक्यावर झाकण दाबलं. पोटात बिस्किटं भरली होती. या घरात आलो आणि बिस्किटांचा बघता बघता फडशा पडला. आता आपली रवानगी भंगारात, असं मी धरूनच चाललो होतो. तेवढ्यात अण्णांनी मला उचललं.

अण्णा म्हणजे या घरातल्या बाळाचे आजोबा, त्याच्या आईचे वडील. पोस्टातून निवृत्त होऊन ते लेकीकडे राहायला आले, ते बगलेत एक मांजर घेऊनच. तिचं नाव मखमल. तिच्या खाण्याचे टणक, तपकिरी दाणे माझ्यात भरले गेले आणि मला कायमची नोकरी लागली.

काय ती नोकरी! अण्णांनी मला नुसतं खुळखुळ हलवायचं, की मखमल असेल तिथून शेपटी ताठ करून हजर. गच्चीवर असो, नाहीतर शेजाऱ्यांच्या गादीवर लोळत असो. माझा रुबाब काय विचारता!

पुढे बाळ रांगायला लागलं. त्याचे बाबा शिंपी, पुढच्या खोलीत मशीनवर शर्ट शिवतात. म्हणून लाडाने सगळे बाळाला गठुडं, म्हणजे कापडाचं गाठोडं, म्हणायचे. आई तलावावर मुलांना पोहायला शिकवते. एका दुपारी ती कामावर गेलेली आणि गठुड्याने असं भोकाड पसरलं की बाबांचा टाका चुकला. नेमकं तेव्हाच अण्णांनी मखमलीसाठी मला हलवलं. गठुडं गप्प! आणि मखमलीच्या मागोमाग तेही दुडूदुडू रांगत माझ्याकडे आलं.

"अण्णा, अहो हे औषध आधी का नाही काढलंत?" बाबा हसत म्हणाले, आणि मला सरळ बाळाच्या हातात दिलं. त्या दिवसापासून मी खुळखुळा झालो. रडलं, दे डबा. जेवेना, दे डबा. पोटात दाणे तसेच!

मला मात्र एक कोडं पडलं होतं. या पोराला माझ्यात काय एवढं दिसतं? बाबांचं म्हणणं, त्याला आवाज आवडतो. अण्णा म्हणायचे, निळा रंग आवडतो. मी मनातल्या मनात दोन्ही पडताळून बघायचो. पण आवाज आवडत असेल तर ते न हलवता मला नुसतं उलटंपालटं का करतं? रंग आवडत असेल तर झाकणाची कड का चाटतं? काही केल्या उलगडा होईना.

एकदा त्याने मला पलंगावरून भिरकावलं. माझ्या कडेला पोचा आला आणि झाकण नीट बसेना. बाबांनी अंगठ्याने दाबलं, म्हणाले, "बसतंय की!" बसत नव्हतं, मित्रांनो. मला आतून वारा लागत होता.

मग ती सुट्टीची सकाळ आली. घरात तिघंही मोठी माणसं होती. आईला वाटलं बाबा बघतायत, बाबांना वाटलं अण्णा बघतायत, आणि अण्णा वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले. गठुड्याने मला मांडीत घेतलं. अण्णा मला उघडताना थोपटतात तसं झाकणावर थोपटलं. मग बोटं घालून ओढलं. टप्! झाकण सुटलं आणि पोराने माझ्यात थेट तोंडच घातलं, अगदी मखमल वाटीत घालते तसं.

अरेच्चा! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आवाज नाही, रंग नाही. मखमल रोज पळत येऊन काय खाते, एवढंच त्याला बघायचं होतं.

त्याने चिमटीत एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. पुढच्या क्षणी त्याचा चेहरा लाल झाला. तोंड उघडं, पण आवाज नाही. रडणं नाही, खोकणं नाही, काहीच नाही. मला ओरडायचं होतं हो, पण डब्याला कोण हलवणार?

अण्णांनी मान वर केली आणि ते धावले. बोट त्याच्या तोंडात घालणार, तोच आई किंचाळली, "अण्णा, बोट नका घालू! आणखी आत जाईल!" तिने बाळाला हिसकावून घेतलं. तलावावर तिला हे शिकवलेलं होतं. त्याला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, हनुवटीला आधार, आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने थाप दिली. पुन्हा. पुन्हा. दाणा टक्कन फरशीवर पडला आणि गठुड्याने टाहो फोडला. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

डॉक्टरांना दाखवून सगळे परत आले. बाळ झोपलं. बाबा अण्णांसमोर येऊन उभे राहिले.

"अण्णा, माफ करा, पण उद्या मांजर या घरात नको."

"चूक तिची नाही हो, जावईबापू."

"मग कुणाची?"

अण्णांनी मखमलीला जवळ घेतलं. मग हळूच म्हणाले, "तिला एकटीला नाही धाडणार. तिच्याबरोबर मीही जाईन."

आईने बापाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. "कोण जायचं ते मागाहून ठरवा," ती म्हणाली. "आधी सांडलेले दाणे वेचा. बाळ उठलं की पुन्हा तिथेच जाईल."

बाबा फणकाऱ्याने गुडघ्यांवर बसले आणि रांगत रांगत दाणे वेचायला लागले. माझ्यापासून कपाटाखाली, कपाटाखालून मशीनखाली. तिथे ते थांबले. बाहेर आले तेव्हा मुठीत दाणे थोडे होते आणि शर्टाची बटणं जास्त. शिवाय एक टाचणी.

"ही तर माझी आहेत," बाबा पुटपुटले. त्यांनी बटणं मशीनवर ठेवली. मग ते म्हणाले, "अण्णा, मखमल जाणार असेल तर मग हे मशीनही जायला हवं. राहा दोघंही. चुकलं माझं."

 गुडघे कडकड वाजवत अण्णाही खाली बसले आणि पलंगाखाली हात घालून शोधायला लागले. पाठोपाठ आईही उतरली. तीन मोठी माणसं घरभर रांगतायत, आणि मखमल खुर्चीवरून डोळे विस्फारून बघतेय! हसावं की रडावं तेच मला कळेना.

आता दाणे फिरकीच्या झाकणाच्या जाड बरणीत असतात. बरणी वरच्या कपाटात, कपाटाला कडी. मखमल स्वयंपाकघरात दार लावून जेवते. तिचं झालं की वाटी लगेच उचलतात, फरशी पुसतात. बटणं कुलुपाच्या खणात गेली. कुणी खोलीबाहेर निघालं की मोठ्याने विचारतं, "बाळाकडे कोण बघतंय?" आणि उत्तर आल्याशिवाय पाय बाहेर टाकत नाही.

मी रिकामाच आहे. आईला माझा आवाज सोसवत नाही, त्यामुळे आता माझ्यात कुणी काही भरत नाही, मला हलवत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या घरी रांगणारं बाळ असेल तर एकदा तरी त्याच्याइतके खाली होऊन घर बघा. त्याला सगळं जाणून घ्यायचं असतं आणि ते सगळं तोंडानेच जाणून घेतं. त्याला रागावू नका, मुक्या जनावरालाही रागावू नका. वस्तू तेवढी उचलून वर ठेवा.

परवा गठुडं फळीखाली उभं राहिलं, माझ्याकडे बोट दाखवून जिवाच्या आकांताने ओरडलं. आई हातातलं काम टाकून दारात आली. त्या सकाळी बंद झालेला तो आवाज तिने थांबवला नाही. नुसती ऐकत उभी राहिली.