पाचपैकी पाच

अन्वर आणि त्याची आई माझ्या लेकीला, शमाला मागणी घालायला आले तेव्हा मोरोक्कोतल्या तेतुआनमधली आमची निम्मी गल्ली खिडक्यांत उभी होती. साखरेचे उंच सुळके, दूध, मेंदी, सगळं रीतीप्रमाणे आलं होतं. मला मात्र त्याला आत घेववत नव्हतं. आदल्या दिवशी मी त्याची नोंद पाहिली होती ना.

अन्वर दर आठवड्याला काय वाचलं ते फोनवरच्या आपल्या पानावर टाकतो. पुस्तकाचं चित्र, शेजारी कॉफीचा पेला, खाली चार शब्द आणि पाचपैकी किती तारे. हजारो लोक बघतात म्हणे. आमची शमाही वाचलेलं टिपून ठेवते, पण वहीत, कुणाला न दाखवता. 'अर्ध्यात सोडलं, नायिका फार रडते' असलं काहीबाही लिहिते. एका कादंबरीवरून तिने त्याच्या पानावर त्याच्याशी वाद घातला आणि तिथून दोघांचं जुळलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुस्तकांवरून भांडणारा जावई आला तर घरात चार चांगले शब्द कानावर पडतील, असं मी शमाच्या वडिलांना, महदींना, म्हटलंही होतं.

रमजानात शमाची वही कोरी राहते. त्या महिन्यात आमच्याकडे एकच ग्रंथ वाचतात आणि त्याची नोंद कुणी करत नाही. शेवटच्या अध्यायाशी, सूरेशी, पोचलं की त्याच बैठकीत पुन्हा आरंभाच्या ओळी म्हणायच्या, म्हणजे 'संपलं' हा शब्दच तोंडी येऊ नये.

ईद झाल्यावर शमा मोठ्या कौतुकाने मला त्याचं पान दाखवत होती. दाखवता दाखवता तिचंच बोट थांबलं. रमजानातल्या शेवटच्या आठवड्याची नोंद. अल्लाहचा कलाम, शेजारी खजुरांची बशी, खाली 'वाचून झालं. भाषा अप्रतिम.' आणि पाच तारे.

मेलेला उंदीर झाकावा तसा मी तो फोन उशीखाली सारला. मी दर गुरुवारी जावियात, सूफींच्या मठात जाते. तिथले गुरू, सिदी, गाऊन उपदेश करतात. अल्लाहचं नाव आलं की आवाज इतका खाली आणतात, की पडद्यामागे बसलेल्या आम्हा बायकांना तो कानात नाही, छातीत ऐकू येतो. उभा जन्म त्या शब्दांत गेलेला माणूस, अजूनही तिथे अडखळतो. आणि हा शहाणा सांगतोय, भाषा अप्रतिम.

शमा म्हणाली, चूक झाली असेल, उद्या मीच विचारीन. तिला तो हवा होता. म्हणून मी महदींना काही बोलले नाही.

मागणीच्या दिवशी चहा झाला. अन्वरची आई, लल्ला सौदिया, सांगत होती की प्रकाशक घरी इतकी पुस्तकं पाठवतात, सगळी उघडायलाही त्याला वेळ होत नाही. हे ती अभिमानाने सांगत होती. माझ्या तोंडात बदामाची वडी नुसती फिरत राहिली. शमाने तबक खाली ठेवलं आणि उभ्या उभ्याच त्या नोंदीबद्दल विचारलं.

अन्वर हसला. "अगं, रमजानात दुसरं वाचणं होत नाही. आठवडा कोरा गेला की लोक पान सोडून जातात."

"पण तारे?"

"ते दिल्याशिवाय नोंद पुढे जातच नाही. आणि पाचच्या पाच दिलेत, कमी थोडेच दिलेत?"

"खाली कितीजणांनी आमीन लिहिलंय," लल्ला सौदिया म्हणाली. "असा दीनदार, अल्लाहला भिऊन वागणारा मुलगा आजकाल सापडतो का, तुम्हीच सांगा."

महदींना काहीच कळेना. शमाने त्यांच्यापुढे फोन धरला. त्यांनी चष्मा चढवला, वाचलं, आणि बोटं झग्याला पुसली.

शमा अजून वाट बघत होती. 'चुकलं' एवढंच तो म्हणाला असता तरी तिला पुरलं असतं. मीही गिळलं असतं.

"काढून टाक ना ती," ती हळूच म्हणाली.

त्याने फोन घेतला, अंगठा वरखाली फिरवला. "यंदाची सगळ्यात चाललेली नोंद आहे ती, शमा. राहू दे थोडे दिवस. लग्नानंतर काढू."

"पाच दिलेस," शमा म्हणाली. "म्हणजे चार द्यायचे की नाही, तेही तूच ठरवणार होतास."

त्याला ते समजलंच नाही. तो आईकडे बघायला लागला. तिने वेळ साधून हात पसरले. फातिहा म्हणून टाकू या, भांडायला यांना जन्म पडलाय, म्हणाली. मोठ्यांनी हात पसरून फातिहा म्हटली की आमच्याकडे सोयरीक पक्की. सवयीने महदींचे हातही वर आले.

"बाबा, नको."

त्यांनी हात खाली घेतले.

जिना उतरताना लल्ला सौदिया मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली की मुलीला जास्त वाचू दिलं की हे असं होतं. साखर ती मुद्दाम मागे ठेवून गेली. महदी म्हणाले, असू दे, कुणाला तरी वाटू. मला ती घरात नको होती. सुळके छातीशी धरून मी त्यांच्या मागे गल्लीत धावले, सगळ्या खिडक्यांदेखत त्यांच्या गाडीत टाकून आले आणि साबणाने हात धुतले.

शमा स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती.

"त्याची किळस येते, यम्मा," ती म्हणाली, "पण आता आठवडाभर काय वाचलं ते सांगू कुणाला?"

मी गुडघे सांभाळत तिच्याशेजारी बसले. "मला सांग," म्हटलं. "मला नाही कळलं, तर दोनदा सांग."