कोठीमागची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. लिहायची फळी. मला मांडीवर घ्यायचं, वर कागद लावायचा आणि लिहायचं, एवढंच माझं काम. मी दीड वीत लांब आणि एक वीत रुंद आहे. खाली डाव्या अंगाला माझ्यात एक गाठ आहे. त्या गाठीमुळंच मी फळी झाले, नाहीतर आज मी कुठल्यातरी बैठकीत सतार म्हणून वाजत असते.

माझा जन्म मिरजेचा. तिथं एका गल्लीत घरोघर सतारी आणि तंबोरे बनतात. सतारीच्या भोपळ्यावर जी पातळ फळी बसवतात, तिला तबली म्हणतात. मी तबली होणार होते. कारागिरानं मला तासलं, कानाजवळ धरलं आणि बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. मग त्यानं मान हलवली.

"गाठीवर आवाज अडतो हिचा," तो म्हणाला आणि त्यानं मला भिंतीला टेकवून ठेवलं.

मी तिथं बरेच महिने उभी होते. माझ्या बरोबरीच्या फळ्या एकेक करून सतारी झाल्या आणि निघून गेल्या. एके दिवशी कवठे महांकाळकडचा एक तरुण आला. त्याचं नाव धुळा मासाळ. वडील मेंढरं राखायचे, हा मात्र शिकून एका साप्ताहिकासाठी लिहू लागला होता. सतार कशी घडते ते त्याला लिहायचं होतं. तो उकिडवा बसून गुडघ्यावर वही धरत होता आणि वही सारखी वाकत होती.

कारागीर हसून म्हणाला, "लेखक, अशानं गुडघा मोडून घ्याल. ही न्या. वाजायची नाही, पण लिहायला चालेल."

अशी मी धुळाच्या घरी आले. त्याचं लिहिणं वाढत गेलं. त्यानं जत्रेतली नाटकं लिहिली, आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहिल्या, दिवाळी अंकांत कथा लिहिल्या, पुढं कादंबऱ्या लिहिल्या. लिहिण्यावरच त्याचं घर चाललं. लोक त्याला तात्या म्हणू लागले, मग मीही मनात तात्याच म्हणू लागले. कवठ्यातल्या एका सायकलवाल्यानं मला वरच्या बाजूला लोखंडी चाप बसवून दिला. त्या दिवसापासून वाऱ्यानं एकही कागद उडाला नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की लेखकाला काहीतरी सुचतं आणि मग तो लिहायला बसतो. तात्याचं उलटं होतं. तो आधी बसायचा. सकाळी धार काढून झाली, चहा झाला, की दाराजवळच्या घोंगड्यावर मला मांडीवर घ्यायचा. रोज दोन पानं. सुचो न सुचो, दोन पानं झाल्याशिवाय उठायचं नाही. पुष्कळ वेळा काहीच यायचं नाही. तेव्हा तो डाव्या अंगठ्यानं माझी गाठ चोळत बसायचा. ज्या गाठीवर आवाज अडला होता, ती त्याच्या अंगठ्यानं काचेसारखी गुळगुळीत झाली. गाठ चोळूनही भागलं नाही, तर तो आदल्या दिवशीचं पान जसंच्या तसं पुन्हा उतरवून काढायचा. म्हणायचा, हात चालला की डोकं मागनं येतं.

आणि तरीही अडलं, तर हरणाबाईंना विचारायचा. हरणाबाई त्याची बायको. त्यांना अक्षरओळख नव्हती. सकाळची कामं आटोपली की त्या समोर बसून वाकळ शिवायच्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून त्यांना बारीक टाके घालायचे, त्याला आमच्याकडं वाकळ म्हणतात.

"आवं, एवढा इचार कशाला?" त्या म्हणायच्या. "तुमची ती बाई अडून बसली व्हय? मग तिला पाण्याला धाडा. घरात बसून कुणाचं काय हुतंय? पाण्याला गेली की कोणतरी भेटंल, काहीतरी घडंल."

तात्या हसायचा. पण पाण्याला धाडायचा. आणि खरंच, पाणवठ्यावर कुणीतरी भेटायचं आणि गोष्ट पुढं सरकायची.

संध्याकाळी तो दिवसाची पानं त्यांना वाचून दाखवायचा. त्यांचा हात टाके घालत असायचा. एखाद्या वाक्याला सुई थांबली, तर ते वाक्य ठेवायचं. सुई थांबली नाही, तर ते दुसऱ्या दिवशी बदलायचं. कवठ्यात बसून कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाची हीच सगळी परीक्षा होती.

आणखी एक गोष्ट तात्या त्यांच्याकडून शिकला. हरणाबाई वाकळ गुंडाळताना दोरा कधी तोडत नसत. अर्धा टाका घालून सुई तिथंच टोचून ठेवत. सकाळी उठून हात थेट तिथं जायचा. तात्याही तसंच करू लागला. दिवसाचं शेवटचं वाक्य तो मुद्दाम अर्धं सोडायचा आणि पेन चापात अडकवायचा.

तशीच ती संध्याकाळ होती. तात्या यमुना नावाच्या एका धनगर बाईची कादंबरी लिहीत होता. शेवटची तीन प्रकरणं राहिली होती. त्यानं पान वाचून दाखवलं आणि शेवटी लिहिलं, "यमुना उंबऱ्यापाशी आली आणि". तिकडं हरणाबाईंनी सुई टोचली. दोघं जेवायला उठले.

सकाळी हरणाबाई चुलीपुढं कोसळल्या. त्यांना मिरजेला दवाखान्यात नेलं. मी घरीच होते, ते पान छातीला लावून. चौथ्या दिवशी घरात माणसं भरली, तेव्हा मला कळलं की त्या परत येणार नाहीत.

तेरावा झाला. माणसं गेली. तात्यानं मला मांडीवर घेतलं. पेन हातात धरून तो बराच वेळ बसला. अंगठा गाठीवर होता, पण फिरत नव्हता. समोर वाकळ नव्हती, ती त्यानं स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली होती, सुईसकट. मग तो उठला. ज्वारीची पत्र्याची कोठी आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती. त्या फटीत त्यानं मला उभं सरकवलं, तोंड भिंतीकडं करून, आणि कोठी ढकलून मागं लावली.

मित्रांनो, मी दोन वर्षं तिथं होते.

पाठीला कोठी आणि तोंडाला भिंत. हलायला जागा नव्हती. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची आणि माझं अंग फुगून आणखी घट्ट बसायचं. उन्हाळ्यात पत्रा तापायचा. एक उंदीर यायचा आणि माझा कोपरा कुरतडून जायचा. माझ्या चापात ते पान तसंच होतं. मी रोज तेच अर्धं वाक्य अंगावर घेऊन उभी होते. पुढचा शब्द मला माहीत नव्हता. माहीत असता तरी मी काय केलं असतं? फळी लिहू शकत नाही.

पण मला ऐकू यायचं. तात्या सकाळी त्याच वेळी घोंगड्यावर बसायचा. नव्या वहीचं पान उलटल्याचा आवाज यायचा, मग फाडल्याचा. सांगलीहून त्याचा प्रकाशक सम्मेद यायचा. दोघांची तीस वर्षांची दोस्ती. सम्मेदनं त्याला सांगलीत छापखान्यावरची खोली दिली. तात्या आठ दिवस तिथं राहिला आणि कोरे कागद घेऊन परत आला.

"अहो, मग बोलून तरी बघा," सम्मेद म्हणाला. "फोनमध्ये बोलायचं, तो आपोआप लिहितो. माझी सून किराण्याची यादी तशीच करते."

"मी काय साखर-चहा लिवतोय व्हय, गड्या?" तात्या म्हणाला. तरी त्यानं करून बघितलं. मी ऐकलं. "यमुना उंबऱ्यापाशी आली आणि," तो म्हणाला, आणि थांबला. फोन वाट बघून टुंग वाजला आणि बंद झाला.

शेवटी सम्मेद एकदा स्पष्टच बोलला. "तात्या, वाचक विचारतात, मी किती दिवस थापा मारू? एक सांगा. ही कादंबरी होणार आहे का नाही? नसेल तर तसं म्हणा, मी पुन्हा विषय काढणार नाही."

तात्या म्हणाला, "हरणानं ऐकलेलं ते शेवटचं पान हाय. त्याच्या फुडं मी लिवलं, तर ते तिनं न ऐकलेलं असंल. माझ्यानं न्हाई व्हायचं. नगं इचारूस आता."

सम्मेद चहा न पिता गेला. तेव्हा मला कळलं की कोठीमागं मी एकटीच नव्हते. यमुना उंबऱ्यावर अडकली होती, आणि तात्याही.

त्यानंतर थंडीत तात्याची थोरली बहीण तानुबाई राहायला आली. सत्तरीची बाई, बोलायला खडखडीत. तिनं आल्या आल्या घर झाडलं, तात्याला दोन वेळचं खायला घातलं आणि पांघरूण शोधायला पेटी उघडली. थोड्या वेळानं मला एक ओळखीचा आवाज आला. जाड कापडातून दोरा ओढल्याचा आवाज.

तात्या वैरण टाकून आत आला आणि ओरडला, "आक्का! कुणी सांगितलं तुला हात लावाय? ती हरणाची वाकळ हाय!"

"म्हाईत हाय मला कुणाची ती."

"तिनं सुई टोचून ठेवली हुती. तशीच ऱ्हाऊ दे म्हणून मी ठेवली हुती."

"आणि गंजली ती," तानुबाई म्हणाली. "हे बघ. काढताना लुगडं फाटलं. हिरवं लुगडं, तुज्या लग्नातलं. आरं धुळा, सुई टोचून ठेवत्यात ती उद्यासाठनं. कायमची ठेवली तर ती कापडालाच खाती. हरणा ही वाकळ पेटीत ठेवाय शिवत हुती, का अंगावर घ्याय?"

तात्याची पावलं वाकळीजवळ आली.

"नवी सुई घेतली," ती म्हणाली. "टाका तिचाच हाय. तिनं सोडला, तिथनंच धरलाय. आता उभा ऱ्हाऊ नगंस, उजेड अडतोय."

घरात बराच वेळ नुसता दोऱ्याचा आवाज येत होता. मग कोठी सरकली.

मला वाटलं, ज्वारी काढायची असेल. पण फटीत हात आला. मी ओलीनं भिंतीला चिकटले होते, सहज निघेना. तात्यानं जोर लावला. माझ्या कडेचा एक पापुद्रा भिंतीलाच राहिला आणि मी बाहेर आले. दोन वर्षांनी ऊन अंगावर पडलं. त्यानं मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि मांडीवर घेतलं.

चाप गंजून घट्ट झाला होता. तो उघडताना पान वरच्या बाजूनं फाटलं. गंज कागदात उतरला होता. वरच्या तीन ओळी चुरा होऊन त्याच्या हातात आल्या. तात्या त्या चुऱ्याकडं बघत राहिला. मी घाबरले. आता हा मला चुलीत घालतो की काय, असं वाटलं.

पण तो रडला नाही की उठला नाही. त्यानं वहीतलं एक पान फाडून माझ्यावर लावलं आणि त्या गेलेल्या तीन ओळी आठवून लिहू लागला. आठवणीत होत्याच त्या. मग चौथी ओळ उतरवली, पाचवी उतरवली. अडलं की आदलं पान उतरवायचं, ही त्याची जुनीच रीत. हात चालू लागला. अंगठा माझ्या गाठीवर आला आणि फिरू लागला. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

तो खाली खाली येत गेला. "यमुना उंबऱ्यापाशी आली आणि." तिथं पेन थांबलं. पलीकडं तानुबाईचे टाके चालू होते. तात्यानं एकदा चुलीकडं पाहिलं. मग लिहिलं, "तिनं कळशी उचलली."

त्यानं पान हातात घेतलं आणि तानुबाईला पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिच्या हातातली सुई चालतच होती. वाचून संपलं.

"एवढंच?" तानुबाई म्हणाली. "दोन वर्सं अडून बसलास, आणि कळशी उचलली?"

तात्या हसला. आधी हसला आणि मग डोळे पुसले.

तानुबाई पुढचं ऐकायला थांबली होती. मी तिच्या हाताकडं पाहिलं. सुई अर्धी कापडात आणि अर्धी बाहेर होती.

"मग?" तिनं विचारलं. "पाणी घावलं का तिला?"

"बघतो," तात्या म्हणाला, आणि माझ्यावर वाकला.

आता मी पुन्हा दाराजवळ असते. माझा कोपरा उंदरानं खाल्लेला आहे आणि कडेचा पापुद्रा गेलेला आहे, पण कागद बसतो. यमुनेला पाणवठ्यावर कोण भेटलं, ते सम्मेदच्या छापखान्यात पोचलं आहे. वाकळ पुरी झाली आहे आणि तात्या ती रोज अंगावर घेतो. हिरवं लुगडं जिथं फाटलं, तिथं तानुबाईनं ठिगळ लावलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू अशीच कुठंतरी फटीत असेल. गेलेल्या माणसाची आठवण म्हणून तुम्ही ती जपून ठेवली असेल. तिला एकदा बाहेर काढा. पुसा, उन्हात ठेवा आणि तिच्याकडून काम करून घ्या. ती झिजेल, तर झिजू द्या. मला झिजण्याचं दुःख कधीच झालं नाही. गंजण्याचं झालं.